लोट्यातल्या चिठ्ठ्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे "कशी आहेस?" असं नंतर विचारतात. आधी विचारतात, "बूट आणले का?" मी नाशिकला बँकेत आहे, वय ४६, गुडघ्याचे एक्स-रे कपाटात पडलेत. तरी एप्रिल लागला की माझ्या बॅगेत आधी बूट पडतात, मग साड्या.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे घरचीच उणीदुणी निघणार आहेत. पणजोबांना पाच मुलगे. त्या पाच चुलींची आज लहान-मोठी धरून सव्वाशेच्या आसपास माणसं झालीत. काही गावात, काही अमळनेर-धुळ्याला, एक मोठा गठ्ठा सुरतेत (उधना-लिंबायत म्हणजे आमचं दुसरं खान्देशच), बाकीची नाशिक-पुण्याकडे. ही सगळी आखाजीला गावात जमतात आणि तीन दिवस खेळतात. हुतूतू, खो-खो, रस्सीखेच, नदीच्या कोरड्या वाळूत धावायची शर्यत. उगीच फोटोपुरतं नाही हं. कोपर सोलवटतात, पंचाशी भांडणं होतात, साठीतले काका रात्री मोहरीचं तेल चोळून घेत कण्हत बसतात आणि सकाळी सहाला पुन्हा खळ्यात हजर.

खान्देशाबाहेरच्या मैत्रिणींना अक्षय्य तृतीया म्हटलं की सोनं आणि आमरस आठवतो. आमच्याकडे आखाजी दिवाळीच्या वरची. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, गौराईची गाणी चालतात, पितरांची घागर भरली जाते, खापरावर पुरणाच्या पोळ्या होतात. आणि ओट्या-ओट्यांवर पत्ते पडतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी मांडी घालून बसतो आणि गावात कोणी त्याला जुगार म्हणत नाही. आमच्या घरचा खेळ त्या पत्त्यांमुळेच सुरू झाला.

१९७२ चा दुष्काळ घराने कसाबसा काढला होता. त्यानंतरच्या आखाजीला आमच्या आबांचे (म्हणजे आजोबांचे) धाकटे भाऊ, तात्या, रात्रभर पत्ते खेळले आणि पहाटे बैल हरले. जोडीतला एक. दुष्काळात ज्याला घरच्यांच्या ताटातलं काढून जगवलं होतं, तोच. तात्या म्हातारपणी हे स्वतः सांगायचे. सगळं सांगून झाल्यावर थांबायचे आणि एवढंच म्हणायचे, "मी दावं सोडलं तर त्याला वाटलं औताला जायचंय. आपणहून उठला तो."

पुढच्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी आबा ओट्यावर उभे राहिले आणि पाचही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मना वट्टावर पत्ता नही. ज्याले खेयनं व्हई त्यानी खयामा या." खळ्यात त्यांनी राखेने रेघा मारून ठेवल्या होत्या. हुतूतूचं मैदान. आबांना भाषण करता येत नव्हतं, जुगाराचे दुष्परिणाम वगैरे त्यांना सांगता आले नसते. रात्रभर जागायची ज्यांना खुमखुमी आहे त्यांना संध्याकाळीच एवढं दमवायचं की जेवल्याबरोबर आडवे व्हावेत, इतका साधा त्यांचा हिशेब होता. पहिल्या वर्षी अकरा जण आले म्हणतात. तात्या सगळ्यात आधी.

सालदारांची (वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्यांची) गोष्ट मला त्यातली सगळ्यात आवडती. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं. जुना हिशेब मिटतो, नवं साल त्यानंतर ठरतं. म्हणजे मधल्या एक-दोन दिवसांत सालदार कोणाचाच सालदार नसतो. आबांनी त्यांनाही खेळायला घेतलं. वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाने मालकाची कंबर धरून त्याला मातीत लोळवायचं, हे बघायला निम्मं गाव खळ्याच्या बांधावर बसायचं. एका सालदाराने आबांना एकाच संध्याकाळी दोनदा पाडलं. तिसऱ्या दिवशी आबांनी त्याचंच साल पुन्हा ठरवलं, वर दोन पोती दादर (ज्वारी) जास्त देऊन. (हे आबांच्या तोंडचं. त्या सालदाराच्या घरचे अजून सांगतात, एकच पोतं.)

तेव्हा खळं म्हणजे खरंच खळं होतं. दादर आणि गहू निघाल्यावर शेणाने सारवलेली, पायाला थंड लागणारी घट्ट जमीन. आता हार्वेस्टर शेतातच गहू काढून देतो, खळं करतंय कोण? म्हणून आम्ही आठवडाभर आधी टँकरने पाणी मारून ट्रॅक्टरचा रोलर फिरवतो, आणि आदल्या दिवशी ऊन उतरलं की खडे वेचतो. हा कार्यक्रम कोणी ठरवून सुरू केलेला नाही, पण मला तो सामन्यांहून जास्त आवडतो. एका टोकाला सत्तर-ऐंशी माणसं हातभर अंतराने ओणवी उभी राहतात आणि दुसऱ्या टोकापर्यंत खडे उचलत जातात. ज्याच्या बाजूला जो आला तो आला. नव्या सुनांची खरी ओळख-पाळख तिथेच होते, कारण ओणव्या माणसाला डोक्यावरचा पदर सांभाळता येत नाही आणि कोण मोठा-कोण लहान तेही दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात.

हुतूतूत पहिली पंचाईत जावयांनी केली. जावयाला आमच्याकडे पाट-पाणी, पहिला घास, सगळा मान. थोरल्या फुईचे यजमान (वडिलांच्या बहिणीला आम्ही फुई म्हणतो) पहिल्यांदा चढाईला गेले तेव्हा समोरच्या सातांपैकी कोणी त्यांना हात लावेना. फुवा आपले दम टिकवून हुतूतू-हुतूतू करत सगळ्या मैदानात हिंडले, चौघांना सावकाश शिवले आणि परत आले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आबा बांधावरून ओरडले, "मैदानमा कोन्ही जवाई नही ऱ्हास! धरा त्याले!" सात जण एकदम तुटून पडले. फुवांच्या सदऱ्याची एक बाही त्या दिवशी गेली. रात्री नवा सदरा आणि टोपी देऊन मान पुन्हा जागच्या जागी बसवला.

भाच्याचं आणखी अवघड. भाचा पूज्य, मामाने त्याच्या पाया पडायचं. आमच्या नानाकाकांनी यावर तोड काढली. भाचा चढाईला आला की ते कोपऱ्यात वाकून रीतसर पाया पडायचे, आणि पडता पडताच घोटा धरायचे. पाया पडणाऱ्या मामाला लाथ मारून सुटणारा भाचा अजून जन्माला यायचाय. सुरतेच्या पोरांनी यावर कित्येक वर्षं तक्रार केली, पण कबड्डीच्या नियमात नमस्काराबद्दल काही लिहिलेलं नाही.

नाना हे आमचे पी. टी.चे सर. ८० च्या दशकात ते शाळेतून टेप घेऊन आले आणि आबांचं पावलांनी मोजलेलं मैदान त्यांनी खरोखरचं मोजलं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद हवं. आमचं एका बाजूने दोन फूट कमी निघालं. कमी बाजू कुठल्या टीमच्या वाट्याला किती वर्षं आली होती यावर त्या रात्री जो वाद झाला, त्यात जुन्या चार आखाज्यांचे निकाल रद्द करायची मागणी पुढे आली. आबा म्हणाले, दोन फूट जमिनीसाठी भांडायला तुम्हाला शेतं दिलीत ना, इथे कशाला?

नाना 'कबड्डी' म्हणायला लावायचे, आबा 'हुतूतू'वर अडून. आबांच्या मते 'कबड्डी'त ओठ मिटतात आणि दम सांडतो. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर सुरू झाली आणि पोरांच्या तोंडी भलतेच शब्द आले. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तीस सेकंदांचं घड्याळ. 'सुपर टॅकल'. एका पुतण्याने बोनस रेघ आखली तेव्हा तात्यांनी खुर्चीतून विचारलं, "बोनस कसाना रे? दिवायीना का?"

आता लोट्यावर येते.

टीम दोन, तापी आणि गिरणा. पाच घरांचे पाच संघ करा असं सुरुवातीला कोणीतरी सुचवलं होतं. आबांनी ते उडवून लावलं. भाऊबंदकी घरात आहे तेवढी पुरे, खळ्यात नको. म्हणून चिठ्ठ्या. आदल्या रात्री अंगणात सगळे जमायचे, पणजोबांचा पितळी लोटा यायचा, घरातलं सगळ्यात लहान चालतं-बोलतं पोर एकेक चिठ्ठी काढून आबांच्या हातात द्यायचं आणि आबा नाव वाचायचे. पहिलं तापीत, दुसरं गिरणेत, तिसरं तापीत. वाचलेली चिठ्ठी बंडीच्या खिशात.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझं होतं, अक्षर बरं म्हणून. एका वर्षीची गोष्ट, मी नऊ वर्षांची असेन. आबा विजेच्या दिव्याखाली चिठ्ठी लांब धरून वाचत होते आणि माझ्या लक्षात आलं, त्यांनी चष्मा लावलेला नाही. पेपर वाचायला, एसटीची पाटी बघायला, औषधाची बाटली ओळखायलासुद्धा ज्यांना दोरी बांधलेला चष्मा लागायचा, ते माझं बारीक अक्षर न अडखळता वाचत होते. मी शहाणपणाने आत पळाले आणि चष्मा घेऊन आले.

"आबा, चष्मा."

"मना पोऱ्यासना नावं वाचाले माले चष्मा काब्र लागी वं? बठ खाले."

बसले. आणि तेवढ्यात त्यांनी माझ्या वडिलांचं नाव वाचलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण वडिलांच्या नावाची चिठ्ठी मी लिहायलाच विसरले होते. दुपारपासून ती आठवण येत होती आणि सांगायची हिंमत होत नव्हती. लोट्यात नसलेली चिठ्ठी आबांनी वाचली होती.

शेवटी लोटा रिकामा झाला आणि जिभाऊंचं नाव कुठेच आलं नव्हतं. जिभाऊ म्हणजे तात्यांचा थोरला मुलगा. क्षणभर शांतता. आबांनी लोटा उलटा करून दाखवला आणि म्हणाले, उरला तो गिरणेत.

गिरणेत आधीच नाना होते. नाना आणि जिभाऊ तीन वर्षं बोलत नव्हते. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सुरू झालेलं भांडण, पुढे ते पाण्याचं राहिलंच नव्हतं. एका लग्नात दोघे दोन वेगवेगळ्या पंगतीत बसावेत म्हणून वाढप्याला आधी सांगून ठेवावं लागलं होतं. आता दोघे एका टीममध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी बांधावरूनच कोण कुठे उभा राहील ते सांगितलं. डावा कोपरा नाना, त्याच्या शेजारी जिभाऊ.

कबड्डी खेळलेल्यांना माहीत आहे, शेजारी उभं राहायचं म्हणजे हात धरायचा. साखळी केल्याशिवाय पकड होत नाही. मी बांधावर अगदी त्या कोपऱ्याशी बसले होते. जिभाऊंनी हात पुढे केला नाही, नानांनीही नाही. समोरून सुरतेचा एक उंच चुलतभाऊ हुतूतू करत आत आला. नानांनी आधी उजवा तळवा चड्डीला पुसला. मग समोर बघत, शेजारी न बघता, जिभाऊंचं मनगट धरलं. बोटांत बोटं नाहीत, मनगट. सुरतवाला नानांच्या अंगावरून पाय टाकायला गेला, नाना गुडघ्यावर बसले, जिभाऊ ओढले जाऊन त्याच्या मांडीला लटकले, आणि ढिगाऱ्याच्या खालून नानांचा आवाज आला, "सोडू नको रे! सोडू नको!"

जिभाऊंनी सोडलं नाही. रात्री पंगतीत दोघे एकमेकांसमोर बसले होते. फार काही बोलले असं नाही, पण जिभाऊंनी रशीचं भांडं नानांकडे सरकवलं, आणि विहिरीची पाळी पावसाळ्याआधी लागली.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. त्यानंतर दरवर्षी मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि दरवर्षी आबांकडे बघत बसले. ज्या वर्षी कोणाचं वाजलेलं नसेल त्या वर्षी चष्मा असायचा.

आबा गेल्यावर लोटा वडिलांकडे आला. वडील हाडाचे शिक्षक. चष्मा पुसून लावायचे, चिठ्ठी उघडायचे, असेल ते नाव वाचायचे, आणि वर शेजारच्याला दाखवायचे. त्यांना आबांची गोष्ट मी एकदा अर्धवट सुचवून बघितली तर म्हणाले, आबा असं कधी करणार नाहीत. सरळ माणसाला घरचं राजकारण कळत नाही ते असं. एका वर्षी बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ खऱ्याखुऱ्या चिठ्ठीने समोरासमोरच्या टीममध्ये आले. तिसऱ्याच चढाईला पकडीचं निमित्त झालं आणि एकाने दुसऱ्याला ज्या पद्धतीने आपटलं ती कुठल्याच नियमात बसत नव्हती. कडकन आवाज आला तो बांधापर्यंत. गळपट्टीचं हाड. जीपमध्ये घालून त्याला तालुक्याला नेलं. पाडणारा सोबत गेला नाही, खळ्यातच उकिडवा बसून राहिला. त्या रात्री पोळ्या उरल्या.

पुढच्या आखाजीला वडिलांनी चष्मा डबीत ठेवला आणि लोटा उचलून धाकट्या फुईसमोर ठेवला. काही बोलले नाहीत. फुई म्हणाली, मी कशाला, माझी सातवी झालेली. पण लोटा पुढे ओढला.

धाकट्या फुईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बायकांचा खेळ तिच्यामुळे. आधी बायकांकडे झोका आणि चूल. झोका काही कमी नाही, उभ्याने दोघी मिळून चढवायला मांड्यांत जोर लागतो, पण संध्याकाळ झाली की पुरुष खळ्यात आणि आम्ही बट्ट्यांच्या पिठात. फुई शाळेत खो-खो खेळलेली. एका वर्षी तिने पीठ तसंच ओलं ठेवलं, हात धुतले, ओचा खोचला आणि सगळ्या भावजयांना मागच्या अंगणात ओळीने बसवलं, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. मोठी माय ओरडली, बट्ट्या कोण करेल? आबा म्हणाले, हुतूतूत जे हरतील ते. तो नियम आजही आहे. वरण-बट्टीची बट्टी हरलेल्या टीमने मळायची आणि गोवऱ्यांवर भाजायची. त्यामुळे आमच्या घरातल्या बहुतेक पुरुषांना बट्टी उत्तम येते. एक मेव्हणे जरा जास्तच उत्तम करतात. त्यांचा खेळ वाईट आहे.

पुढे मागचं अंगण पुरेना म्हणून बायकाही खळ्यात आल्या. बाभळीचे दोन खांब रोवले. नियमात एक पाळी नऊ मिनिटांची असते, आम्ही पाचची करतो. उन्हाचा कहर, ४३-४४ म्हणजे काही विशेष नाही, त्यामुळे खो-खो सकाळी सहाला सुरू करून साडेआठच्या आत आटपायचा. दर पाळीनंतर ताक किंवा गूळ-पाणी, आणि म्हाताऱ्या बायका प्रत्येकीच्या ओच्यात एकेक कांदा खोचतात, ऊन लागू नये म्हणून. धावताना तो पडतो आणि मागची त्याच्यावरून घसरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलगे दोघेही जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अंतिम सामन्यात मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. तेव्हापासून आमच्या भाच्या-पुतण्या 'स्काय डाइव्ह' सोडून बोलत नाहीत. गेल्या आखाजीला एकीने खांबाजवळ अशी उडी मारली की तिची आई झोक्यावरून उतरून धावत आली. आणि गेल्या काही वर्षांत एक मिश्र सामनाही होतो, बाया-बापे एकत्र, वय चाळिशीच्या पुढे. तो सगळ्यात शेवटी ठेवतात, कारण तो बघताना पोरं हसून लोळतात.

आता माझं.

वडील २०२२ च्या दिवाळीनंतर गेले. जानेवारीत दादाने हक्कसोड पत्राचा, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा सोडून द्यायचा, विषय काढला. काढला असंही नाही, वहिनीच्या हाती निरोप आला, की अमुक तारखेला अमळनेरला ये, सही करायची आहे, साडी घेऊन ठेवली आहे. बँकेत माझा अर्धा दिवस सातबारे बघण्यात जातो. सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी मी रोज काउंटरपलीकडे बघते. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्वच्छ करून सांगितला, हे मला पाठ आहे. तरी मला जमीन हवी होती असं नाही. त्याने फोन करून विचारलं असतं तर मी बहुधा सही केली असती. मी वहिनीला म्हटलं, आत्ता नाही जमणार. एवढंच. पुढे दादा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या मुलीचा दहावीचा निकाल मला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळला. मी तिथेच अंगठा दाखवला.

२०२३ च्या आखाजीला वडिलांचं वर्ष व्हायचं होतं, आमचं घर खेळलं नाही. दादा घागरीसमोर, मी स्वयंपाकघरात. २०२४ ला मी ऑडिटचं कारण सांगितलं. ऑडिट होतंही, पण रजा मिळाली असती. २०२५ ला, ३० एप्रिलला आखाजी होती, चार दिवस आधी फुईचा फोन आला. ती फोनवर कधी कसं काय विचारत नाही. म्हणाली, बूट आन.

आदल्या रात्री लोटा आला. चिठ्ठ्या आता माझी एक भाची लिहिते, रंगीत कागदांवर, स्केचपेनने. पुण्याच्या चुलतभावाचं अडीच वर्षांचं पोर चिठ्ठ्या काढायला बसलं, मधूनच एक तोंडात घालू लागलं. फुई वाचत होती. तापी. गिरणा. तापी. मी ओट्याच्या पायरीवर बसले होते, हात मागे टेकवून, आणि हाताला काहीतरी टोचलं. बघते तर फुईच्या चष्म्याची डबी. उघडून बघितली. चष्मा आत होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही जवळचं वाचायला तिला तो लागतोच, वीजबिल ती हाताच्या अंतरावरूनही वाचू शकत नाही.

मी डबी हातात धरून फुईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पोराच्या हातातली ओली चिठ्ठी घेतली, उलगडल्यासारखी केली आणि दादाचं नाव वाचलं, गिरणा. पुढे चार-पाच नावांनी माझं. गिरणा.

आज ब्लॉगवर लिहिते आहे म्हणजे पुढच्या आखाजीला यावर बोंब होणार, नवीन पिढी लोटा बंद करून अॅप आणा म्हणणार. आणू देत. फुई काही हे वाचत नाही, ती रिल्स बघते.

सकाळी मिश्र सामना सगळ्यात शेवटी, सव्वाआठला. ऊन चढलं होतं. आमची पाठलागाची पाळी. आठ जण ओळीत बसलो, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मी पाचव्या चौकोनात, उकिडवी, गुडघा कुरकुरत होता आणि ओच्यात कांदा. दादा पाठलाग करत होता. त्याचं पोट सुटलं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, वडिलांचं सुटलं होतं तसंच. धुळ्याची चुलतबहीण त्याला खांबापासून खांबापर्यंत दमवत होती. त्याने दोघा-तिघांना खो दिला, खो फिरून पुन्हा त्याच्याकडे आला.

खो-खोत तोंड मिटून चालत नाही. मागून यायचं, पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, नाहीतर फाऊल. पावलं माझ्या मागे येऊन थांबली. धापा ऐकू येत होत्या. मी पुढच्या मातीकडे बघत होते, तिथे एक खडा वेचायचा राहिला होता.

पाठीवर तळवा पडला. हात तापलेला, घामाने ओला. पण शब्द आला नाही. बांधावर पोरं ओरडायला लागली. फुई पंच होती, शिट्टी तोंडाशी नेऊन थांबली होती. वाजवली नाही.

"खो," दादा म्हणाला. मग जरा मोठ्याने, "खो! ऊठ ना वं, ती चालली!"

मी उठले आणि चुकीच्या बाजूला धावले. फाऊल झाला. कांदा पडला तो बहुतेक दादानेच उचलला, कारण पाळी संपल्यावर तो त्याच्या हातात होता. आम्ही दोन गुणांनी हरलो आणि बट्ट्या आमच्याकडे आल्या. त्याला अजून पीठ घट्ट मळता येत नाही.